आरशाने उजेड वाढतो का?

परवा मालवणला ताईकडे मुलांनी एडिसनच्या बालपणावरचा १९४० सालचा चित्रपट पाहिला. त्यात रात्री आईची शस्त्रक्रिया करायची असते, पण उजेड पुरत नाही. मग छोटा टॉम आरसा आणून काम भागवतो. चित्रपट संपला आणि पावसाने लाईट गेली. भाच्याने लगेच भिंतीवरचा आरसा काढून कंदिलामागे ठेवला. "मामा, उजेड डबल!" ताईच्या सासूबाई म्हणाल्या, "तिन्हीसांजेला आरसा काढू नये रे." आरशाला तिन्हीसांज कळत नाही, हे त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही.

पण डबल? नाही. आरसा उजेड तयार करत नाही, भिंतीकडे वाया जाणारा उजेड परतवतो. हिशेब बघा. जिथे उजेड हवा तो पाट कंदिलापासून २ फुटांवर, आरसा कंदिलाच्या मागे १ फुटावर. कंदिलाची प्रतिमा आरशाच्या आत आणखी १ फूट, म्हणजे पाटापासून ४ फुटांवर. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. म्हणजे आरसा अगदी निर्दोष असला तरी भर फार तर २५ टक्क्यांची. आरसा ज्योतीला जवळपास टेकवला तरच दुपटीची भाषा करावी, आणि तेव्हा काच तडकेल. बॅटरीत खोलगट आरसा असतो तो याचसाठी: चहूकडे पांगणारा उजेड तो एका दिशेला गोळा करतो.

मग टॉमची युक्ती फुकट? मला तिच्यातली खरी गंमत वेगळीच वाटते: सावली. दिवा एकच असला की हाताची सावली नेमकी कामाच्या जागी पडते. बाजूला आरसा ठेवला की तिथूनही उजेड येतो. एका दिव्याला हात आडवा आला तरी दुसरा त्या जागी पोचतो. गडद अंधार उरतो तो फक्त सगळेच दिवे अडतात तेवढ्या जागी. ऑपरेशन थिएटरमधला मोठा दिवाही असाच अनेक बाजूंनी उजेड टाकतो.

ही गोष्ट व्हॉट्सॲपवर "सत्यकथा" म्हणून फिरते, आजार अपेंडिक्सचा होता असंही सांगतात. एडिसनचा जन्म १८४७चा. अपेंडिक्ससाठी पोट उघडण्याची रीत रुळली ती १८८०च्या दशकानंतर, तोवर तो चाळिशीला टेकला होता.

ताई विळीवर आठळ्या सोलत होती. आम्ही कंदिलाच्या दोन्ही बाजूंना आरसे मांडले. पात्यावरची सावली फिकी झाली.

"बोट वाचेल," ताई म्हणाली, "पण ते आरसे सासूबाई यायच्या आत जागेवर लावा."