दोन मायक्रोग्रॅम कुठून आले?

मामाच्या उसात तणनाशक मारून झालं की पंप धुवायचं काम विहिरीच्या काठावरच व्हायचं. पाणी हाताशी, बसायला दगड. टाकीत उरलेलं पांढरट पाणी हिसळून बाजूला ओतायचं, दोनदा विसळायचं, नोझलमध्ये कचरा अडकला असेल तर फुंकून काढायचा. हो, तोंडानेच. ओतलेलं पाणी ओघळत कुठे जातं ते बघायला कोणी थांबत नसे. कठड्याशेजारच्या मुरमात ते दोन मिनिटांत जिरून जाई.

परवा सहज हिशेब मांडला. वीस फूट व्यासाची विहीर, सोळा फूट पाणी, म्हणजे साधारण 1 लाख 40 हजार लिटर. अ‍ॅट्राझीन हे उसात आणि मक्यात सर्रास वापरलं जाणारं तणनाशक. पिण्याच्या पाण्यात त्याची भारतीय मर्यादा आहे लिटरला 2 मायक्रोग्रॅम (मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग). म्हणजे अख्ख्या विहिरीत पाव ग्रॅमहून जरा जास्त अ‍ॅट्राझीन गेलं की मर्यादा गाठली. दुकानात मिळणाऱ्या पावडरीत ते निम्मंच असतं, तेव्हा पावडर धरली तर अर्ध्या ग्रॅमच्या थोडी वर. चिमूटभरच म्हणा. अर्धा किलोची एक पुडी अशा जवळजवळ नऊशे विहिरींना त्या रेषेपर्यंत न्यायला पुरते.

पण ती रेष 2 वरच का? भारतीय मानक ब्युरोच्या 2012 सालच्या आयएस 10500 या मानकात अ‍ॅट्राझीनपुढे 2 लिहिलंय. अमेरिकेत हीच मर्यादा 3 आहे. युरोपात 0.1. जागतिक आरोग्य संघटना म्हणते 100. रेणू एकच, पिणारी माणसंही सारखीच, आणि सर्वांत कडक व सर्वांत सैल आकड्यात हजार पटींचं अंतर! यातलं कोणी खोटं बोलत नाही. हे आकडे पाणी तपासून सापडलेले नसतात, ते रचलेले असतात. कसे, ते बघण्यासारखं आहे.

आरोग्य संघटनेचा आकडा घेऊ. आधी प्राण्यांवरचे प्रयोग. रोज किती मात्रा दिली तरी उंदरांत काही बिघाड दिसत नाही, ती पायरी शोधायची. अ‍ॅट्राझीनच्या बाबतीत अंडमोचन (अंडाशयातून बीजांड सुटणं) घडवणाऱ्या संप्रेरकाची उसळी दबते का, हे पाहिलं गेलं. शरीराच्या दर किलोमागे रोज 1.8 मिलिग्रॅमपर्यंत ती दबली नाही. मग या आकड्याला 100 ने भागायचं. उंदीर आणि माणूस यांत फरक असेल म्हणून 10, माणसामाणसांत फरक असतो म्हणून आणखी 10. उरलं सुमारे 0.02. आता माणूस 60 किलोचा धरायचा. त्याच्या पोटात हे रसायन अन्नातूनही जाणार, म्हणून पाण्याच्या वाट्याला 20 टक्केच द्यायचे. आणि तो दिवसाला 2 लिटर पाणी पितो असं समजायचं. 0.02 गुणिले 60, त्याचे 20 टक्के, भागिले 2. उत्तर 0.12 मिलिग्रॅम, ते 0.1 केलं, म्हणजेच 100 मायक्रोग्रॅम.

आता गंमत. याच संघटनेचा 1990च्या दशकातला आकडा होता 2. तेव्हा उंदरांच्या माद्यांमध्ये स्तनांच्या गाठी दिसल्या होत्या, म्हणून नेहमीच्या 100 वर कर्करोगाच्या शंकेचे आणखी 10 चढवले होते, आणि पाण्याचा वाटा 20 ऐवजी 10 टक्के धरला होता. पुढे असं मत झालं की या गाठी त्या जातीच्या उंदरांच्या संप्रेरकचक्रातून येतात, माणसाला ती वाट लागू नाही. जादाचे 10 काढले, सुरुवातीची मात्राही बदलली, आणि 2 चे 100 झाले. आपला 2 त्या जुन्या आकड्याशी तंतोतंत जुळतो. तो बदलावा असं मला अजिबात वाटत नाही, पण तो कुठल्या शंकेतून आला हे ठाऊक असलेलं बरं.

साठ किलो आणि दोन लिटर हे दोन आकडे मात्र मला खटकतात. मार्च महिन्यात फडात कोयता चालवणारी 45 किलोची बाई दोन लिटरवर दिवस काढेल? ती पाच लिटर पीत असेल, तर तिच्या शरीराच्या दर किलोवर कागदावरच्या माणसाच्या तिपटीहून जास्त पाणी पडतं, आणि पाण्यात जे असेल तेही. अमेरिकेत पूर्वी 70 किलोचा माणूस धरायचे, आता 80 चा धरतात. तिथली माणसं जाड झाली, गणितातला माणूसही झाला. ऊसतोडीचा माणूस अजून कुणाच्या गणितात आलेला नाही.

युरोपचा 0.1 या सगळ्या खटाटोपातून आलेलाच नाही. 1980 साली तिथे ठरलं, की पिण्याच्या पाण्यात कीडनाशक (यात तणनाशकंही आली) असूच नये. पण ‘शून्य’ मोजता येत नाही. त्या काळच्या उपकरणांना साधारण जेवढं पकडता येई, त्याला शून्याच्या जागी बसवलं. प्रत्येक रसायनाला 0.1, सगळ्यांची बेरीज 0.5. विषारी असो वा सौम्य, सर्वांना जवळपास एकच माप.

हेच माप आपल्याकडे बाटलीतून आलं. 2003 साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने बाटलीबंद पाण्यातले, मग शीतपेयांतले कीडनाशकांचे अंश जाहीर केले. गदारोळ झाला, शरद पवारांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती बसली, फेब्रुवारी 2004 मध्ये तिचा अहवाल आला. दरम्यान बाटलीबंद पाण्याला युरोपसारखं 0.1 आणि 0.5 लागू झालं. नळाला मात्र आयएस 10500 ची यादीच राहिली. त्यामुळे क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक बाटलीत 0.1, नळात 30. मॅलेथिऑन हे दुसरं कीटकनाशक बाटलीत 0.1, नळात 190. वीस रुपये मोजणाऱ्यासाठी एक तत्त्व आणि हंडा घेऊन उभ्या राहणाऱ्यासाठी दुसरं.

यातलं काय विहिरीत उतरतं आणि काय ओढ्याला जातं, ते बरंचसं मातीशी असलेल्या नात्यावर ठरतं. अ‍ॅट्राझीन मातीला फारसं चिकटत नाही, पाण्याबरोबर खाली सरकतं. मुरूम आणि भेगाळलेला काळा खडक असेल तर वाट आणखी मोकळी. खाली अंधारात, गारव्यात, जिवाणू कमी असतात, त्यामुळे ते विरघळलेलं तसंच पडून राहतं. जर्मनीने 1991 मध्ये त्यावर बंदी घातली, तरी भूजलात ते आणि त्याचे तुकडे पुढे कित्येक वर्षं सापडत राहिले. क्लोरपायरीफॉस उलट. ते मातीच्या कणाला धरून बसतं आणि पहिल्या जोरदार पावसात गढूळ लोंढ्याबरोबर ओढ्यात जातं.

ओढ्यातल्या जीवांना पिण्याच्या पाण्याचा आकडा काहीच सांगत नाही. क्लोरपायरीफॉस माणसासाठी 30 चालतं म्हणतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने गोड्या पाण्यातल्या जीवांसाठी, सतत संपर्क असेल तर, 0.041 ही पातळी दिलीय. सातशे पटींहून खाली. आपण निर्धास्त प्यावं अशा पाण्यात पाणकिडे आणि झिंगे मरू शकतात, आणि मासे जगतात ते त्यांच्यावर.

मामाने गेल्या वर्षी विहिरीचं पाणी तपासून घेतलं. अहवालात अ‍ॅट्राझीनपुढे ‘आढळले नाही’ असं होतं. तो खूश. मी विचारलं, यंत्राला किती खालपर्यंत दिसतं? ते कागदावर नव्हतं. नमुना कधी भरला? अमेरिकेत अ‍ॅट्राझीनची मर्यादा वर्षभराच्या तिमाही नमुन्यांच्या सरासरीला लावतात, कारण फवारणीनंतरच्या पहिल्या पावसात आकडा चढतो आणि मग उतरतो.

“मे महिन्यात भरला की,” मामा म्हणाला, “विहीर तळाला गेली होती तेव्हा. फवारणी त्याच्यानंतर केली, पाऊस लागायच्या आधी.”