कोलोनोस्कोपीत दिसणारे म्युकोसाचे नॉर्मल फरक

मोठ्या आतड्याचं आतलं अस्तर म्हणजे म्युकोसा. कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे गुदद्वारातून आत घातलेल्या दुर्बिणीतून तो फिकट गुलाबी, चकचकीत दिसतो आणि खालच्या रक्तवाहिन्यांची फांद्यांसारखी जाळी स्वच्छ कळते, जाळी पुसट झाली की सुजेचा संशय घेतात. यकृताजवळच्या वळणावर भिंतीतून निळसर छटा दिसते, आडव्या आतड्याची पोकळी तिकोनी असते, हे रोजचंच.

पेशंट रिपोर्ट वाचून सगळ्यात जास्त घाबरतो तो मेलॅनोसिस कोलाय या शब्दाला. अस्तर तपकिरी ते काळपट होतं, मगरीच्या कातडीसारखी नक्षी येते, रंग सहसा उजव्या बाजूला गडद. पहिलं वर्णन फ्रान्समधल्या क्रुव्हेलिएने १८२९ च्या सुमारास केलं असं धरतात, नाव मात्र जर्मन पॅथॉलॉजिस्ट फिरखोने १८५७ मध्ये रूढ केलं आणि तेच चुकीचं निघालं, कारण हे रंगद्रव्य मेलॅनिन (त्वचेला रंग देणारं) नाही तर लिपोफ्युसिन (पेशींच्या झिजेतून साठणारं) आहे असं आता बहुतेक मानतात, म्हणून काहींना स्यूडोमेलॅनोसिस (खोटा मेलॅनोसिस) हे नाव जास्त बरोबर वाटतं आणि ते पटण्यासारखं आहे. सोनामुखी, कोरफड अशा, अँथ्राक्विनोन नावाचं रसायन असलेल्या रेचकांनी वरच्या पेशी मरतात, मॅक्रोफेज (मेलेल्या पेशी साफ करणाऱ्या पेशी) त्या गिळतात आणि रंग साठतो. आपल्याकडे पोट साफ व्हायला सोनामुखीचं चूर्ण वर्षानुवर्षं घेणारे खूप, तेव्हा आधी तेच विचारावं. रेचक न घेणाऱ्यांतही हे सापडलंय, त्यामुळे कारण एकच म्हणणं घाईचं. १९९३ च्या एका जर्मन अभ्यासात कॅन्सरशी संबंध सुचवला होता, नंतरच्या कामात तो टिकलेला दिसत नाही. रेचक बंद केलं की रंग साधारण वर्षभरात उतरतो. काळ्या अस्तरात अ‍ॅडेनोमा (पुढे कॅन्सर होऊ शकणारी गाठ) रंग घेत नाही म्हणून उलट उठून दिसतो, लिम्फॉइड फॉलिकल (प्रतिकारशक्तीच्या पेशींचे पुंजके) ही पांढऱ्या ठिपक्यांसारखे राहतात.

हे फॉलिकल म्हणजे काही मिलिमीटरचे उंचवटे. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, खासकरून मुलं आणि तरुणांत ते भरपूर असतात आणि क्रोन्स (आतड्याच्या दीर्घकाळ सुजेचा आजार) समजले जातात. भारतात टीबीचाही विचार करावाच लागतो, पण मधला म्युकोसा निरोगी असेल, व्रण नसेल आणि बायोप्सीत (तुकडा काढून केलेल्या तपासणीत) ग्रॅन्युलोमा, म्हणजे सुजेतल्या पेशींची बारीक गाठ, नसेल तर नुसत्या उंचवट्यांवर टीबीची औषधं सुरू करणं योग्य नाही.

लहान आणि मोठ्या आतड्याच्या जोडावरच्या झडपेचे, म्हणजे इलिओसीकल व्हॉल्व्हचे, चरबीमुळे जाड झालेले ओठही गाठ वाटू शकतात. दुर्बिणीच्या सक्शनने (शोषणाने) ओढलेल्या जागी लाल गोल डाग उठतो. तपासणीआधी सोडियम फॉस्फेटने पोट साफ केलं असेल तर बारीक उथळ व्रण दिसतात, म्हणून तयारीला काय दिलं होतं ते रिपोर्टात लिहावं.