गावच्या क्रीडा क्लबचा हिशेब (गोवा)

गोव्यात वाड्यावरची पोरे आणि दोन-चार जाणती माणसे मिळून जो फुटबॉल, क्रिकेट किंवा कबड्डीचा क्लब चालवतात, त्याच्या जमाखर्चाची ही पद्धत. पगारी माणूस कोणी नाही. खजिनदार दिवसा नोकरी करतो आणि रात्री पावती पुस्तक घेऊन बसतो.

बहुतेक क्लब १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदवतात. त्याला किमान ७ सदस्य लागतात आणि वार्षिक सभेनंतर १४ दिवसांच्या आत कार्यकारिणीची यादी निबंधकाकडे द्यावी लागते. बँकेत खाते उघडायला ही नोंदणी उपयोगी पडते.

सभासदांच्या वर्गणीवर काही चालत नाही. खरी कमाई स्पर्धेची: संघांची प्रवेश फी, स्मरणिकेतल्या जाहिराती, सोडतीची कूपने, मैदानाकाठचा चहा-भज्यांचा गाडा. भात कापून शेते मोकळी झाली की स्पर्धा सुरू होतात. पैसा असा दोन-तीन महिन्यांत येतो आणि वर्षभर जातो: पंचांचे मानधन, चेंडू, जर्सी, बाहेरगावच्या सामन्याला भाड्याची गाडी. चषक देणारा हमखास मिळतो, कारण त्यावर वडिलांचे नाव 'स्मरणार्थ' कोरता येते. मैदान आखायच्या चुन्याच्या पोत्यावर ते कोरता येत नाही, म्हणून चुना आणि गोलची जाळी कायम उधारीवर.

देणगीदाराला आयकरात वजावट मिळावी अशी मान्यता असलेल्या संस्थेलाही दिलेली २,००० रुपयांहून मोठी रोख देणगी वजावटीला चालत नाही. गावात मात्र देणगी अजून पाकिटातूनच येते.

डिचोली, सत्तरी, सांगे या खाणपट्ट्यात ट्रकमालक आणि कंत्राटदार हे हक्काचे देणगीदार. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुढे सुरू झाल्या आणि मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पुन्हा बंद पडल्या. एकाच धंद्यावर विसंबलेल्या गावाला अशा वेळी देणगी मागायला दुसरे दार उरत नाही.

ताळेबंदात निम्मा क्लब दिसतच नाही. कोणाचा पिकअप फुकट येतो, कोणाच्या घरचे जेवण संघाला जाते, आणि तूट पडली की खजिनदार पदरचे घालतो. क्लबचे 'देणे' म्हणून तो लिहितो, मागत नाही. वार्षिक सभेत त्यावर चर्चा होत नाही. चर्चा होते ती चेंडूंवर: १२ घेतले होते, ५ उरले, बाकीचे कुठे? दोन चेंडू कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, एक नदीत, आणि उरलेल्यांबद्दल सगळे एकमेकांकडे बघतात.