वेबसाइट आहे, मग फोन का येत नाही?

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मोंढ्यातल्या दुकानाच्या पायरीवरून गिऱ्हाईक माघारी फिरलं, तर गल्ल्यावर बसलेल्या माणसाला ते दिसतं. तो हाक मारतो, बसायला सांगतो, भावाचं बघू म्हणतो. वेबसाइटवरून माघारी गेलेलं गिऱ्हाईक कुणालाच दिसत नाही. मग चूक वर्षानुवर्षं तशीच राहते आणि मालकाचं मत होतं, की आपल्या धंद्याला वेबसाइटचा उपयोग नाही. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या साइटमध्ये जे पुन्हा पुन्हा सापडतं, ते इथे दिलं आहे. यातल्या बहुतेक गोष्टींसाठी नवी साइट करायची गरज नसते.

आधी एक करा. वायफाय बंद करा, घरातला सगळ्यात साधा फोन घ्या आणि स्वतःची साइट त्यावर उघडा. मालकाच्या फोनवर साइट नेहमीच भराभर उघडते, कारण तिचे फोटो त्या फोनने आधीच साठवून ठेवलेले असतात. नवीन माणसाला ते पहिल्यापासून उतरवून घ्यावे लागतात.

फोटो

सगळ्यात जास्त गिऱ्हाईक इथेच जातं. समजा, पैठणीच्या दुकानाने पहिल्या पानावर आठ फोटो टाकले, सगळे मोबाइलवर काढलेले आणि जसेच्या तसे चढवलेले. एक फोटो ४ एमबी धरला तर पान झालं ३२ एमबीचं. गावाकडे नेटचा वेग २ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला पाव एमबी, मिळाला तर एवढं उतरायला दोन मिनिटांहून जास्त लागतात. पदराचा मोर दिसायच्या आत बाई दुसऱ्या दुकानाच्या साइटवर गेलेली असते. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, असं गुगलचं म्हणणं आहे. फोटोची रुंदी १२०० पिक्सेलवर आणून तो वेबपी या कमी जागा घेणाऱ्या प्रकारात साठवला तर साधारण दीडशे-दोनशे केबीत बसतो आणि जरीचं काम तरीही नीट दिसतं. आपोआप सरकणारे मोठे फोटो तर काढूनच टाका, असं आम्ही सांगतो. दुसरा फोटो येईपर्यंत कुणी थांबत नाही.

मराठी मजकूर

छापखान्यातून आलेला मजकूर बहुतेक वेळा श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये असतो. छपाईला तो उत्तमच. पण त्या अक्षरांच्या मागे युनिकोड, म्हणजे सगळ्या फोनना कळणारी अक्षरांची ठरलेली पद्धत, नसतो, त्यामुळे साइटवर टाकला की समोरच्या फोनवर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते आणि गुगललाही तो मराठी म्हणून वाचता येत नाही. मजकूर युनिकोडमध्ये बदलून मिळतो, मात्र बदलल्यावर डोळ्यांखालून घालावाच लागतो. रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास जागा सोडतात.

याचाच दुसरा प्रकार म्हणजे पॅम्फ्लेटचा जेपीजी तसाच साइटवर चिकटवणं. त्यातला फोन नंबर दाबला तर फोन लागत नाही आणि बियाण्याच्या वाणाचं नाव शोधणाऱ्याला तुमचं पान सापडत नाही. जालन्यात बियाण्याचा एवढा मोठा व्यापार आहे. पेरणीच्या तोंडावर शेतकरी बांधावरून फोनवर वाण शोधतो, त्या वेळी हे परवडत नाही.

नंबर आणि पत्ता

नंबर पहिल्या पानावर वरच्या बाजूला, दाबला की फोन लागेल असा हवा. व्हॉट्सअॅपच्या लिंकमध्ये नंबराआधी ९१ लागतं, शून्य चालत नाही. एवढ्याशा चुकीने बटण दिसतं, पण चॅट उघडत नाही. चौकशीचा फॉर्म असेल तर स्वतः भरून बघा आणि मेल कुठे पोचतं ते पाहा. कधी ते स्पॅममध्ये पडलेलं असतं, कधी साइट बनवणाऱ्याच्या जुन्या पत्त्यावर.

पत्त्याबाबत आपल्या भागापुरती एक गोष्ट. २०२३ साली औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. बाहेरगावचे लोक अजून जुन्या नावानेही शोधतात. पत्त्यात नवं नाव लिहा आणि मजकुरात एखाद्या ठिकाणी जुनंही येऊ द्या. गुगल मॅपवरची खूण दुकानाच्या दारावरच आहे ना, तेही बघून घ्या. ती नोंद फुकट असते.

गिऱ्हाइकाला काय हवं आहे?

संभाजीनगरातल्या लॉजच्या साइटवर अजिंठ्याचा इतिहास चार परिच्छेद असतो. तो पाहुण्याला कुठेही मिळतो. त्याला हवं असतं ते असं: खोलीचं भाडं किती, गाडी लावायला जागा आहे का, सकाळी लवकर नाश्ता मिळेल का. वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असतं, ही एक ओळ त्या इतिहासापेक्षा जास्त कामाची आहे. लातूरच्या डाळ मिलने यंत्रांचे फोटो जरूर टाकावेत, पण व्यापाऱ्याला पॅकिंग किती किलोचं आणि कमीत कमी माल किती घ्यावा लागतो, ते आधी दिसू द्या. भाव लिहायला संकोच वाटतो हे आम्हाला माहीत आहे. निदान "पासून" तरी लिहा. काहीच नसलं की लोक महागच धरून चालतात.

पान उघडताच आडवी येणारी जाहिरात, आपोआप वाजणारं संगीत, फिक्या पिवळ्यावर पांढरी अक्षरं: यांवर वेगळं काही लिहायची गरज नाही.

कुलूप आणि नाव

साइटचा पत्ता एचटीटीपीएसने (म्हणजे माहिती कुलूपबंद करून पाठवणाऱ्या जोडणीने) सुरू होत नसेल, तर क्रोम जुलै २०१८ पासून त्याला "सुरक्षित नाही" असा शिक्का लावतं. पैसे भरायचं पान असेल तर गिऱ्हाईक तिथूनच परततं. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून फुकट मिळतं. त्याची मुदत ९० दिवसांचीच असल्याने ते आपोआप नवं होण्याची सोय करून ठेवावी लागते. ती नसली की एका सकाळी साइटऐवजी नुसता इशारा दिसतो.

डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कुणाच्या नावावर आहे, हे आजच तपासा. ते साइट बनवणाऱ्याच्या नावावर असेल आणि तो फोन उचलत नसेल, तर नूतनीकरण अडतं आणि दुकानाच्या पाटीवर रंगवलेला पत्ताही हातचा जातो.

आमच्याकडे येताना डोमेनची पावती, होस्टिंगचं (साइट जिथे ठेवली आहे त्या जागेचं) लॉगिन आणि मालाचे मूळ फोटो सोबत आणा. साइट तुमच्यासमोर, साध्या फोनवर उघडून बघू आणि काय बदलायचं, किती खर्च येईल ते तिथेच लिहून देऊ. पत्ता व वेळ मागच्या पानावर आहे.