कुलाबा स्टेशन: चर्चगेटच्या पुढचे रूळ

पश्चिम रेल्वेची लोकल पहिल्यापासून चर्चगेटलाच संपते, असं बरेच मुंबईकर ठामपणे सांगतात. साफ चूक! पश्चिम रेल्वेची पूर्वज असलेल्या बी.बी.सी.आय. (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेचं टर्मिनस होतं कुलाबा. चर्चगेट हे वाटेतलं स्टेशन. पंजाबकडे जाणारी मेल गाडीही कुलाब्याहूनच सुटायची. ५ जानेवारी १९२८ला कुलाबा-बोरिवली विजेची लोकल सुरू झाली, आणि जेमतेम तीन वर्षांत, १९३०च्या ३१ डिसेंबरला, स्टेशनच बंद! एवढा खर्च करून तारा ओढायच्या आणि लगेच गुंडाळायच्या, हे कोडंच वाटतं. पण बॅकबेच्या समुद्रात भराव घालून जमीन तयार करण्याची योजना आड आली. लांब पल्ल्याच्या गाड्या त्याच महिन्यात उघडलेल्या मुंबई सेंट्रलला गेल्या, लोकल चर्चगेटला थांबल्या. कफ परेडजवळची बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत त्याच जागेवर आहे.