स्टीम ड्रिफ्टर

स्टीम ड्रिफ्टर : वाफेच्या इंजिनावर चालणारी, वाहत्या जाळ्यांनी हेरिंग पकडणारी नौका. साधारण १९०० ते १९५० या काळात ती इंग्लंड-स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर वापरात होती. हेरिंग हा आपल्या तारलीच्या कुळातला मासा. दिवसा खोल असतो, अंधार पडला की वर येतो. संध्याकाळी दोनेक मैल लांबीची जाळी पडद्यासारखी पाण्यात सोडायची, मागच्या डोलकाठीवर छोटे शीड उभारून नाक वाऱ्याकडे ठेवायचे आणि रात्रभर प्रवाहाबरोबर वाहत राहायचे, ही तिची रीत. म्हणजे मासळी जाळ्यात येत असताना इंजिनाला फारसे काम नसेच. त्याचा खरा उपयोग वारा पडलेला असतानाही माल ताजा असताना बाजार गाठायला होई.

वाफ होडीवर आधी चढली ती जाळी ओढणाऱ्या चरकासाठी. १८८० नंतर ‘झुलू’ आणि ‘फायफी’ या मोठ्या स्कॉटिश शिडाच्या होड्यांवर वाफेचे चरक आले. पुढे १८९७ मध्ये इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील लोवेस्टॉफ्ट येथे ‘कन्सोलेशन’ ही खास वाफेसाठी बांधलेली ड्रिफ्टर पाण्यात उतरली. स्कॉटलंडने काही वर्षांतच तिची री ओढली. पहिल्या महायुद्धापूर्वी मरी फर्थ या आखातावरील बकी बंदरात स्कॉटलंडमधला सर्वांत मोठा ड्रिफ्टर-ताफा होता.

पैसा हाच कळीचा प्रश्न होता. शिडाची होडी भावाभावांच्या बचतीतून होई. ड्रिफ्टरला सुमारे ३,००० पौंड लागत, वर कोळशाचा खर्च. लोवेस्टॉफ्ट आणि यार्मथ या इंग्लिश बंदरांकडे कंपन्यांनी ताफे उभारले. स्कॉटिश कोळीवाड्यांनी मात्र मालकी घरातच ठेवायची धडपड केली. ब्रिटिश कायद्यात नोंदणीकृत जहाजाचे ६४ हिस्से धरतात. ते बाप, मुलगे, जावई यांच्यात वाटले जात आणि उरलेले बहुधा मासळीच्या दलालाकडे जात. दलाल कर्ज देई, त्या बदल्यात सगळा माल त्याच्याच हातून, दलाली कापून, विकावा लागे. कागदावर होडी घरची असली तरी घर दलालाच्या वहीत असे, असे म्हणणे अनेक कुटुंबांबाबत चुकीचे ठरणार नाही.

कमाईतून कोळसा, शिधा, बंदराचे शुल्क वजा जाता उरलेल्याचे तीन वाटे पडत : होडीचा, जाळ्यांचा, माणसांचा. इंजिनवाला, भट्टीवाला आणि स्वयंपाकी यांना बहुधा पगार मिळे, कारण त्यांची जाळी नसत. सुती जाळी हीच खलाशाची खरी मालमत्ता. घरच्या बायका ती दुरुस्त करीत, आणि कुजू नयेत म्हणून ती कातात रंगवली जात. हा कात ब्रह्मदेश आणि हिंदुस्थानाकडून येई, विड्यात घालतात तोच.

या स्कॉटिश कोळी गावांत आडनावे मोजकीच. बकीत काउई, फिंडॉक्टीत फ्लेट. एकाच नावाची इतकी माणसे की ओळख पटावी म्हणून प्रत्येकाला ‘टी-नेम’ हे टोपणनाव असे.

हंगाम माशांमागे सरके : उन्हाळ्यात शेटलंड, मग ॲबर्डीनशायर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात यार्मथ. तिकडे मासळी साफ करणाऱ्या स्कॉटिश मुली रेल्वेने जात. तिघींची टोळी, दोघी चिरणाऱ्या, एक पिंपात मीठ घालून थर लावणारी. स्कॉटिश होड्या रविवारी जाळी टाकत नसत, मग मासळी कितीही असो. खारवलेली पिंपे जर्मनी आणि रशियाकडे जात.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाने ड्रिफ्टर माणसांसकट ताब्यात घेतल्या. १५ मे १९१७ रोजी इटली आणि अल्बेनिया यांच्यामधल्या ओत्रांतोच्या सामुद्रधुनीत शत्रूच्या पाणबुड्या अडवायला जाळी धरून उभ्या असलेल्या ड्रिफ्टरांवर ऑस्ट्रो-हंगेरियन क्रूझरांनी हल्ला केला. ४७ पैकी १४ बुडाल्या. ‘गोवनली’चे तांडेल जोसेफ वॉट यांनी शरण जाण्यास नकार दिला, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

होड्यांना खरा फटका बसला तो युद्धानंतर. रशियाची बाजारपेठ गेली, कोळसा महागला, होड्या जुन्या झाल्या आणि नवी बांधायला पैसा उरला नाही. १९३५ मध्ये सरकारने हेरिंग इंडस्ट्री बोर्ड स्थापन केले, पण तोवर अनेक मुलगे डिझेलच्या लहान, कमी माणसांच्या होड्यांकडे वळू लागले होते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकात बहुतेक ड्रिफ्टर भंगारात निघाल्या.

१९३० मध्ये किंग्ज लिन येथे बांधलेली ‘लिडिया ईव्हा’ तेवढी शिल्लक आहे. गोर्लस्टनच्या मालकाने तिला आपल्या मुलीचे नाव दिले होते. ती हेरिंगवर गेली ती १९३८ पर्यंतच. आता ग्रेट यार्मथ येथे स्वयंसेवक तिची देखभाल करतात.