‘कास्ट’ शब्दाची लॅटिन आणि पोर्तुगीज पार्श्वभूमी

जातीच्या दाखल्याला गोव्यातही सर्रास ‘कास्ट सर्टिफिकेट’ म्हटले जाते. त्यातला ‘कास्ट’ हा शब्द इंग्रजीने पोर्तुगिजांच्या ‘कास्ता’वरून घेतला. ‘कास्ता’ म्हणजे वंश, बीज, वाण. माणसांप्रमाणेच जनावरांना आणि पिकांनाही तो लागू होई, आणि पोर्तुगालमध्ये द्राक्षाच्या वाणाला आजही हाच शब्द वापरतात. त्याचे मूळ परंपरेने ‘कास्तुस’, म्हणजे शुद्ध, या लॅटिन विशेषणात सांगितले जाते, तर काही अभ्यासक ते जर्मानिक भाषांकडे नेतात. पहिले मत स्वीकारले, तर शील सांगणारा ‘चेस्ट’, कडक कानउघाडणीचा ‘कॅस्टिगेट’ आणि निषिद्ध नात्यातील संबंधांचा ‘इन्सेस्ट’ हे इंग्रजी शब्द त्याचेच भाऊबंद ठरतात.

भारतीय समाजाला हा शब्द कसा लागला, याचे दोन महत्त्वाचे पुरावे गोव्यातलेच आहेत. पणजीतील बाग ज्याच्या नावाने ओळखली जाते, त्या गार्सिया द ओर्ता या वैद्याचा औषधींवरील ग्रंथ 1563 साली गोव्यात छापला गेला. बापाचा धंदा मुलगा सोडत नाही, हे सांगताना त्याने चर्मकारांच्या संदर्भात ‘कास्ता’ म्हटले आहे. पुढे 1567 च्या गोव्यातील ख्रिस्ती धर्मपरिषदेने, येथील हिंदू उच्चनीच ‘कास्तां’मध्ये विभागलेले असून वरचे खालच्यांबरोबर खातपीत नाहीत, असा आक्षेप नोंदवला. धर्मांतरानंतरही ख्रिस्ती समाजात बामण, चारडो, सुदिर हे जातिभेद टिकले, ही गोष्ट मात्र त्या आक्षेपाच्या शेजारी ठेवूनच वाचावी लागते.

इंग्रजीत या शब्दाचे स्पेलिंग दीर्घकाळ ‘फेकणे’ या अर्थाच्या ‘कास्ट’सारखेच होते, जरी फेकण्याचा तो शब्द वेगळा, स्कँडिनेव्हियातून आलेला आहे; जातीच्या ‘कास्ट’मधले शेवटचे ‘ई’ अक्षर एकोणिसाव्या शतकात रुळले. स्पेलिंगपेक्षा अर्थाचा घोटाळा मोठा झाला. पोर्तुगिजांचा शब्द प्रामुख्याने जन्माने ठरणाऱ्या गटाला, म्हणजे जातीला जवळचा होता. इंग्रजी लेखकांनी तोच वर्णालाही लावला, त्यामुळे ‘कास्ट’ चार की हजारो, हा प्रश्न त्या भाषेत उगाच उभा राहिला. मराठीत वर्ण आणि जात हे शब्द वेगळे असल्याने तो सहसा पडत नाही. 1935 च्या भारत सरकार कायद्याने ‘शेड्युल्ड कास्ट्स’ ही संज्ञा रूढ केली, राज्यघटनेने ती कायम ठेवली, आणि गोवा, दमण व दीवसाठीची अनुसूचित जातींची यादी 1968 च्या आदेशाने लागू झाली.